टोपीवाला आणि बोडका

ज्याने एकाच मातीतून अनंत घट घडवले आणि एकाही घटाला दुसऱ्याची नक्कल होऊ दिले नाही, त्या आद्य कारागिराला माझे नमन असो. जो सर्वांच्या आत बसून पाहतो आणि स्वतः कोणाला दिसत नाही, त्याच्या पायांशी ही हकिगत ठेवतो. ऐकणाऱ्यांनी ती सांभाळून ऐकावी. सांगणाऱ्याची मान खाली आहे, म्हणून आवाज थोडा दबका येईल.

१

माझी सकाळ ठरलेली असे. स्नान, देवापुढे दिवा, डोळे मिटून थोडे नामस्मरण, आणि मग पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटाची कडी. कपाटात माझी इंजिने. खेळण्यातली, पत्र्याची, चावीवर पळणारी. वीतभर लांब, अंगाने काळी, चाकांनी तांबडी. ज्या कारखान्यात ती बनली तो माझ्या तरुणपणीच बंद पडला. त्या कारखान्याने पुष्कळ प्रकार काढले असतील, पण मी एकाच प्रकाराच्या मागे लागलो होतो. पाहुणे कपाटापुढे उभे राहत आणि म्हणत, "अहो, हे सगळं एकच तर आहे!" तेवढे म्हटले की मला स्फुरण चढे.

एकच? ह्याच्या बॉयलरवर रिव्हेटांची रांग नऊची, त्याच्यावर दहाची. ह्याची चाके शेंदराकडे झुकलेली, त्याची विटकरी. ह्याच्या धुराड्याला कड वळवलेली, त्याचे नुसतेच कापलेले. उभी हयात मी दंतवैद्यांना कवळ्या घडवून दिल्या. एका साच्यातून निघालेले दोन दातसुद्धा सारखे नसतात हे ज्याच्या बोटांना कळते, त्याला असल्या छंदाचे व्यसन लागले तर नवल नाही.

सर्वांत मोठा भेद चालकाचा. इंजिनाच्या केबिनला दोन्ही अंगांना खिडकी आहे. एका खिडकीच्या अर्ध्या भागात पत्र्यातूनच उठवलेला, नखाएवढा चालक उभा असतो. उरलेली अर्धी उघडी, तिच्यातून पलीकडच्या खिडकीचा उजेड दिसतो. बहुतेक इंजिनांवर ह्या चालकाच्या डोक्यावर टोपी आहे. अगदी थोड्यांवर नाही. आम्ही संग्राहक पहिल्याला 'टोपीवाला' म्हणतो आणि दुसऱ्याला 'बोडका'. बोडका पाहिल्याचे सांगणारे मला पुष्कळ भेटले; बाळगणारा एकही भेटला नव्हता.

माझे पहिले इंजिन वडिलांनी दिलेले. ते टोपीवाला. लहानपणी मी त्याच्या छपराची कड चावली होती. दुधाच्या दातांच्या दोन बारीक खुणा तिथे अजून आहेत. एक डोळा मिटून मी त्याच्या अर्ध्या खिडकीतून तासन्‌तास पाहत असे, असे आई सांगायची. काय पाहत असे ते तिला कधी कळले नाही, आणि मला आठवत नाही.

संतांनी सांगितले की नाना रूपांत एक पाहावा. मी रोज सकाळी त्यांची वचने म्हणत होतो, आणि म्हणून झाली की एका रूपात नाना पाहत बसत होतो.

२

त्या रविवारी आम्हा संग्राहकांचा मेळावा होता. एका शाळेच्या सभागृहात आम्ही म्हातारे टेबलांवर आपापली दौलत मांडून बसतो आणि एकमेकांच्या वस्तूंना नावे ठेवतो. मी वडिलांचे इंजिन मिरवायला नेले होते. संध्याकाळी ते फडक्यात गुंडाळून परत आणले, कपाटात ठेवले आणि कडी लावली.

त्यानंतरची एक सकाळ. दिव्याची वात शांत होती, खिडकीतून कोवळे ऊन कपाटावर येत होते, स्वयंपाकघरात भांडी विसळल्याचा आवाज होता. मी मऊ कुंचल्याने एकेक इंजिन पुसत वडिलांच्या इंजिनापर्यंत आलो. धुराडे पुसले. छप्पर पुसले. खिडकीशी कुंचला थांबला.

चालकाच्या डोक्यावर टोपी नव्हती.

मी भिंग घेतले. झिजलेली टोपी मला कळते. इथे झीज नव्हती. पत्र्याला कानस लागलेली नव्हती, डाग दिलेला नव्हता, रंगावर रंग नव्हता. केस मागे वळवलेले, कपाळ मोकळे, आणि त्यावर साच्याने दिलेली एक आठी. मी इंजिन उलटे करून छपराची कड पाहिली. दुधाच्या दातांच्या दोन खुणा जिथल्या तिथे होत्या.

म्हणजे इंजिन माझेच होते, आणि साचा दुसऱ्याचा होता. हे होऊ शकत नाही. ज्याला देवाने रतीभर तरी विवेक दिला आहे, त्याचे हात अशा वेळी थरथरायला हवेत.

माझे हात थरथरले नाहीत. सांगायला लाज वाटते, पण खरे तेच सांगितले पाहिजे: मला आनंद झाला. आपल्या घरात बोडका आला, एवढेच माझ्या मनात आले.

३

रस्त्याच्या टोकाला घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. त्याचा मालक, आमचा घड्याळजी, ह्याच व्यसनातला. जीभ तिखट, पण नजर पक्की. मी फोन केला तसा तो कपाळावरचे भिंगही न काढता आला.

"काय हो, घराला आग लागल्यासारखं बोलावलंत?"

"बसा घड्याळजी. आधी बसा, मग दाखवतो."

तो उंबऱ्यातच थांबला. "घड्याळजी? एवढा मान? आणि रोजचं 'टिकटिक्या' कुठं गेलं? माझं काही चुकलं का?"

मी आयुष्यात त्याला टिकटिक्या म्हटले नव्हते. त्याच्या नेहमीच्या थट्टेतलाच हा प्रकार समजून मी हसलो आणि इंजिन त्याच्यासमोर ठेवले. त्याने एकवार पाहिले. भिंग डोळ्यावर ओढलेसुद्धा नाही.

"बरं. आता नवीन काय ते काढा."

"हे काय, दिसत नाही? बोडका!"

"दिसतोय की. इतकी वर्षं दिसतोयच. ह्या तुमच्या बोडक्यापायी मला झोपेतही जळायची सवय लागलीय. आमची ही म्हणते, तुम्ही मेलात तरी म्हणाल, आधी त्या कपाटावरून न्या."

"अहो, हा टोपीवाला होता. रविवारपर्यंत टोपीवाला होता."

"मग टोपी काढून ठेवली असेल. उकडतंय किती!" आपल्याच विनोदावर तो मोठ्याने हसला. मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. आता मात्र त्याने भिंग ओढले, इंजिन उजेडाकडे धरले, कडेकडेने नख फिरवले. "नाही बुवा. पत्रा कोरा आहे. ह्याला कोणी हात लावलेला नाही. रविवारी अख्ख्या सभागृहानं ह्याला पाहिलं, आणि तुम्ही कोणाच्या हाती देत नव्हता. विसरलात?"

"मी टोपीवाला नेला होता."

"बरं वाटतंय ना तुम्हाला?" त्याने स्वयंपाकघराकडे तोंड वळवले. "वहिनी, यांच्या चहात साखर दोन चमचे जास्त घाला हो! मेंदूपर्यंत जाऊ द्या."

पत्नी ट्रे घेऊन दारात उभी होती. घड्याळजीच्या असल्या बोलण्यावर ती नेहमी हसते. त्या दिवशी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

४

मी विचार करू लागलो, आणि मला वाटले की विवेकानेच करतो आहे. स्मृती चुकली असेल? माणसाचे नाव मी विसरेन, रिव्हेट विसरणार नाही. घड्याळजी खोटे बोलत असेल? त्याला खोटे बोलून काय मिळणार? मग उरते एकच: कोणीतरी वस्तू बदलली. पण दातांच्या खुणा कोण बदलणार? ह्या प्रश्नाला मी बगल दिली. कारण पुढचा प्रश्न अधिक जवळचा होता. घरात माझ्याखेरीज असते कोण?

संशयाला दार लागत नाही, फट पुरते. मी तिच्याकडे पाहू लागलो.

आमच्या संसाराला मोठा काळ लोटला आहे. मुलगी लग्न होऊन दूर गावी गेली. घरात दोघेच. तरी त्या आठवड्यात मी तिला जितके पाहिले, तितके त्याआधी कधी पाहिले नव्हते. ती पडदा सारताना, पाणी गाळताना, वर्तमानपत्राची घडी घालताना. आणि एकदा कपडे वाळत घालायला तिने हात वर केला, बाही मागे सरली, आणि मला दिसले की तिच्या डाव्या मनगटावर डाग नाही.

माझ्या पत्नीच्या डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला भाजल्याचा डाग आहे. बदामाच्या आकाराचा, एका टोकाला पांढुरका, कडेने किंचित सुरकुतलेला. लाख हातांतून मी तो ओळखीन. ह्या मनगटावर कातडी सरळ आणि स्वच्छ होती.

"अगं, तुझा डाग कुठे गेला?" मी विचारले.

तिचे हात दोरीवरच राहिले. "कुठला डाग?"

"मनगटावरचा. भाजल्याचा."

"मला कधी भाजलं नाही हो." ती अगदी हळू म्हणाली, आणि उरलेले कपडे तसेच बादलीत टाकून आत गेली.

त्या दिवसापासून जेवणाच्या वेळी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मी घास चावू लागलो की तिचा चमचा थांबे. मान खाली घालून ती ऐकत बसे. खोलीत दुसरा आवाज नसे. फक्त माझ्या चावण्याचा. मी गिळले की तिचा चमचा पुन्हा हले.

हे सारे मला अपराधी माणसाचे लक्षण वाटले. तिच्या अपराधाचे.

५

पुढचे सांगताना जीभ अडखळते.

दुपारी ती थोडी पडते. कूस डावीकडे, हात गालाखाली. त्या दुपारी मी पाय न वाजवता खोलीत गेलो. पडद्यातून जाड, पिवळा उजेड येत होता. घरात फक्त नळाचा थेंब वाजत होता. माझ्या हातात भिंग होते.

इंजिन तपासताना आम्ही एक शिस्त पाळतो: आधी कडा, मग सांधे, मग रंग. मी त्याच शिस्तीने तिला तपासले. कानाची पाळी. केसांची मुळे. भुवईतला तीळ, जो माझ्या आठवणीत होता तिथेच होता. पापणीची कड. भिंगाखाली चेहरा चेहरा राहत नाही, हे मला पहिल्यांदा कळले. ती नुसती खुणांची जागा होते. मी जोड शोधत होतो. जिथे एक साचा संपून दुसरा सुरू होतो ती रेघ.

आणि भिंगात डोळा उघडला.

प्रचंड मोठा, ओला, तपकिरी डोळा. तो दचकला नाही. कितीतरी वेळ जागाच होता, असे मला वाटले.

"काय शोधताय?" ती म्हणाली.

मी भिंग पाठीमागे लपवले. ह्या वयात, भुकेल्या पोराने हातातला चोरलेला घास लपवावा तसे. "काही नाही. माशी होती."

"गेली का?"

"गेली."

"मग पडदा ओढून घ्या," असे म्हणून तिने डोळे मिटले. मी पडदा ओढला. बाहेर आलो तेव्हा देवापुढचा दिवा जळतच होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

६

लाज वाटूनही मी थांबलो नाही. व्यसनाची रीत हीच आहे की लाज त्याला इंधन होते.

मागच्या खोलीत माझे जुने कामाचे टेबल आहे, आणि त्यावरच्या फळीवर प्लॅस्टरचे ठसे. मी शिकाऊ होतो तेव्हा उस्तादांनी सराव म्हणून माझ्याच जबड्याचा ठसा घ्यायला लावला होता. लग्न झाल्यावर मी पत्नीचाही घेतला. दात खोटे बोलत नाहीत. माणूस बदलून आणता येईल, त्याचा चावा बदलून आणता येणार नाही. मी मेण कोमट केले आणि तिच्यापुढे धरले.

"जरा चावून दाखव. नवीन मेण आहे, पाहतो कसं बसतं."

ती मेणाकडे पाहून चक्क हसली. "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलंत ते हेच. बायका सांगायच्या, नवरा गजरा आणतो, साडी आणतो. आमचं काय, तर 'आ कर'."

मग ती हसायची थांबली आणि तिने मेण चावले.

मागच्या खोलीत जाऊन मी मेणावरचे खळगे तिच्या जुन्या ठशावर बसवले. काळाने थोडी झीज केली होती, हिरड्या उतरल्या होत्या. पण पुढच्या दातांचा तिरकेपणा, उजव्या सुळ्याचे वळलेले टोक, सारे अलगद एकमेकांत गेले. टक् असा बारीक आवाज झाला. ती तीच होती. ह्या घरात लग्न होऊन आलेली हीच स्त्री होती.

त्या क्षणी मी उठायला हवे होते, बाहेर जाऊन तिच्यापुढे हात जोडायला हवे होते. पण माझी नजर शेजारच्या ठशावर गेली. त्याच्या बुडाशी माझ्याच वळणाच्या अक्षरात कोरलेले होते: स्वतः.

मी तो हातात घेतला. खालच्या जबड्याला डाव्या अंगाला एक जागा रिकामी होती. शेवटून दुसरी दाढ नव्हती. पोकळीवर हिरडी भरून आलेली, गुळगुळीत. म्हणजे ठसा घेतला त्याच्याही कितीतरी आधी ती दाढ उपटली गेली होती.

मी जीभ डावीकडे नेली.

दाढ होती.

मी बोट घालून पाहिले. आरसा आणून पाहिले. पक्की, मुळाची, माझी दाढ. कवळी घडवणाऱ्याला हे सांगायला नको की एकदा गेलेली दाढ पुन्हा येत नाही. माझी दाढ कधी कोणी काढली नव्हती. मला आठवणाऱ्या माझ्या ठशात ती होती. तिच्यावरची खाच मी स्वतः प्लॅस्टरमध्ये घासून उठवली होती. तरी मी मेण घेऊन चावले आणि ठशावर धरले. ते बसले नाही. मी दाबले. फिरवून दाबले. मेण तुटले.

नित्यपाठात 'मी कोण' हा प्रश्न मी किती वेळा म्हटला असेल, त्याला गणती नाही. चालीवर म्हणत होतो. उत्तर हवे म्हणून एकदाही विचारला नव्हता.

७

ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. समोर दोन कप होते. मी दारात उभा राहिलो. माझ्याच घरात, आत यावे की न यावे हे मला कळेना.

"बसा," ती म्हणाली. "चहा निवतोय."

"तुला ठाऊक होतं?"

"रविवारपासून."

"कशावरून?"

"तुम्ही मेळाव्याहून आलात आणि बूट आत काढलेत. ते बाहेर काढायचे. मग मुलीचा फोन आला तर तिला तुम्ही बाळ म्हणालात; ते तिला माय म्हणतात. आणि मग जेवायला बसलात." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "त्यांना डावीकडून चावता येत नाही. इतकी वर्षं मी तो एकाच बाजूचा आवाज ऐकलाय. तुम्ही दोन्ही बाजूंनी जेवलात. मी उठून न्हाणीघरात गेले आणि कडी लावून बसले."

मला आठवले. त्या संध्याकाळी ती बराच वेळ आत होती. मी कपाटापाशी होतो. हाक मारायचे सुचले नव्हते.

"कोणाला बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? मुलीला? ती म्हणेल, आईचं डोकं फिरलं. आणि सांगू तरी काय? चेहरा तोच, आवाज तोच. देवापुढे बसता तेही तसेच. वाटलं, दोन दिवस पाहू. कोणी मुद्दाम आलेलं नसेल. चुकून आलेल्या माणसाला घराबाहेर कसं काढायचं?"

मी खाली पाहत होतो. टेबलाच्या लाकडावर कपांचे गोल डाग होते. "तो कुठे असेल?"

"तुम्हीच सांगा. तुमच्या घरी असेल. तिच्याजवळ." मग ती थोडी पुढे झुकली. तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच जाणून घ्यायची इच्छा होती. "तिच्या हातावर डाग आहे म्हणालात ना? कसा भाजला हो तिला?"

मी तोंड उघडले.

डागाचा आकार मला ठाऊक होता. रंग ठाऊक होता. कोणत्या टोकाला पांढुरका आणि कोणत्या कडेला सुरकुतलेला, हे मी डोळे मिटून सांगितले असते. तो कधी पडला, कशाने पडला, ती रडली का, कोणी तिच्या हातावर पाणी ओतले का, ह्यातले मला काहीही ठाऊक नव्हते.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"विचारलं नाहीत?"

"नाही."

"कधीच?"

मी मान हलवली. ती माझ्याकडे खूप वेळ पाहत राहिली. मला भिंगाखाली धरल्यासारखे झाले, पण तिच्या हातात भिंग नव्हते.

"मला वाटलं होतं, तुम्ही वेगळे असाल," ती शेवटी म्हणाली. "नाही. अगदी त्यांच्यासारखेच आहात."

८

मी पुढच्या खोलीत गेलो. ऊन उतरले होते, कपाटाच्या काचेवर तांबूस पट्टा होता. कडी काढली. वडिलांचे इंजिन हातात घेतले. कधी नव्हे ते रिव्हेट पाहिले नाहीत. लहानपणी पाहत असे तसा एक डोळा मिटला आणि दुसरा त्या अर्ध्या खिडकीला लावला.

पलीकडच्या खिडकीतून आमच्या भिंतीचा तुकडा दिसायला हवा होता. भिंत होती. तिच्यापुढे काचेचे कपाट होते, आणि त्यापुढे एक म्हातारा पाठमोरा बसला होता. हातात भिंग, खांदे माझ्याच सवयीने उचललेले. त्याच्या मागे, दाराच्या चौकटीवर, एक हात टेकलेला होता. नुसता हात; बाकीची बाई चौकटीच्या आड. मनगटावर बदामाएवढा डाग. बोटे चौकटीवर हळूहळू वाजत होती, जशी हाक मारावी की नको हे न ठरलेल्या माणसाची वाजतात.

म्हाताऱ्याने मागे पाहिले नाही.

मला ओरडायचे होते: अरे, मागे बघ. मग मला वाटले की त्यापेक्षा तिलाच हाक मारावी. आणि तिला हाक कशी मारायची तेच मला आठवेना. 'अगं' खेरीज मी तिला काय म्हणत होतो? ओठ उघडेच राहिले. माझ्या श्वासाने पत्र्यावर वाफ धरली. ती पुसेपर्यंत खिडकीपलीकडे आमची भिंत होती, कोरी.

मी इंजिन जागेवर ठेवले. कडी लावली. स्वयंपाकघरात परत आलो तेव्हा ती कप उचलत होती. तिच्या उजव्या अंगठ्याच्या पेराशी एक जुनी, पांढरी, वाकडी रेघ मला दिसली. ती भिंगाने मी पाहिली असणार. पण नुसती एक खूण म्हणून पाहिली होती, म्हणून तर आठवत नव्हती.

"हे कसं झालं?" मी विचारले.

"काय?"

"अंगठ्याला. हे कशानं कापलं?"

तिने आपल्या अंगठ्याकडे पाहिले, जणू तो दुसऱ्या कोणाचा असावा. कप खाली ठेवले. "मोठी गोष्ट आहे ती," ती म्हणाली. "मुलीच्याही जन्माआधीची."

"सांग."

"खरंच ऐकणार?"

"सांग गं."

ती बसली आणि सांगू लागली. ती काय बोलली ते तिचे आहे. मी ते इथे मांडणार नाही.

ती बोलत असतानाच पुढच्या खोलीत आवाज झाला. कर्र. मग थांबून, पुन्हा कर्र. इंजिनाची चावी कोणी सावकाश पिळत असावे तसा. तो आवाज मला ठाऊक आहे. सगळी इंजिने पिळताना वेगवेगळी वाजतात, आणि हे वडिलांचे होते. मग कपाटाची कडी पडल्याचा आवाज आला. मग फरशीवर बूट वाजले. ते दाराबाहेर जाऊन, काढून ठेवल्यासारखे, थांबले.

तिनेही ऐकले. क्षणभर तिची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. तिथे काय होते ते मी पाहिले नाही. तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली होती, आणि त्या ओळखीत आनंद होता की भय, हे ठरवण्याइतके तिला मी ओळखत नव्हतो.

मग ती माझ्याकडे वळली. गोष्ट जिथे सोडली होती तिथूनच तिने पुढे सुरू केली, थोड्या मोठ्या आवाजात.

माझ्या मानेवर गार हवा येत होती. मी मागे पाहिले नाही. माझे डोळे तिच्या अंगठ्यावर होते, आणि मी ऐकत होतो.

ज्या घरात हे ऐकले जाईल त्या घरातले माणूस संध्याकाळी घरी परतो, आणि परतलेले माणूस त्याच घरचे असो. ज्याला चुकून दुसऱ्याचे ताट लाभले, त्याला ते खाली मान घालून, कृतज्ञतेने खाण्याची बुद्धी मिळो. चौकटीवर बोटे वाजवत उभ्या असलेल्या प्रत्येकीकडे तिच्या घरातले कोणीतरी एकदा मागे वळून पाहो. ऐकणाऱ्यांच्या दिव्यांना तेल असो, दारांना कड्या असोत, आणि कडी वाजली तर ती उघडायला आपलेच कोणी उठो. सर्वांचे कल्याण असो.